वाचल्याशिवाय दिलेले गुण

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीला एक परिशिष्ट जोडलं आहे. त्यातल्या एका तक्त्यात प्राध्यापकांच्या संशोधनाचे दर ठरवून दिले आहेत. विज्ञान शाखेतल्या एका शोधनिबंधाला ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांतल्या निबंधाला १०. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या पुस्तकाला १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२, अनुवादित पुस्तकाला ८. निबंध ज्या नियतकालिकात छापून आला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना इतरांकडून सरासरी मिळणारे संदर्भ, दहाच्या वर असेल तर आणखी ३० गुण. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्यातले ७० टक्के. थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकपदासाठी ही बेरीज किमान ७५ व्हावी लागते, प्राध्यापकपदासाठी १२०.

रा. चिं. ढेरे यांचा विठ्ठलावरचा ग्रंथ १९८४ साली आला. पंढरपूरच्या या देवाचं मूळ शोधताना ढेरे स्थलपुराणांत गेले, शिलालेखांत गेले, धनगरांच्या मौखिक परंपरेत गेले, कन्नड आणि तेलुगू मुलखातल्या दैवतांपर्यंत पोचले. १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. मूळ ग्रंथानंतर जगातल्या अभ्यासकांनी तो इंग्रजीत वाचायला सत्तावीस वर्षं जावी लागली. आज एखाद्या मराठीच्या प्राध्यापकाने त्या तोडीचा ग्रंथ लिहिला तर तक्त्यानुसार त्याला १० गुण मिळतील. चर्चासत्राच्या आदल्या रात्री लिहून काढलेला चार पानांचा निबंध मान्य नियतकालिकात छापून आला तर त्यालाही १० गुण.

ग्रंथाचे गुण वाढवून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. दहाचे शंभर केले तरी मूळ दोष तसाच राहील. हे गुण देण्यासाठी कुणालाही तो ग्रंथ उघडावा लागत नाही, हा तो दोष. प्रकाशकाचं नाव, आयएसबीएन, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, स्कोपस या आंतरराष्ट्रीय संदर्भसूचीतली नोंद, सायटेशनची म्हणजे इतरांनी दिलेल्या संदर्भांची संख्या, एच-इंडेक्स: ही सगळी माहिती कार्यालयातला लिपिकही भरू शकतो, आणि पुष्कळदा तोच भरतो. संशोधन चांगलं आहे का, हे ठरवण्याचं काम ज्यांचं, त्यांनी ते वाचण्याची जबाबदारी या आकड्यांवर ढकलून दिली आहे. आपल्या विद्यापीठांचं यात फार मोठं नुकसान झालं आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे आकडे मुळात कशासाठी निघाले ते पाहिलं तर गोष्ट अधिक खटकते. अमेरिकेत वकिलांसाठी एक जुनी संदर्भसूची होती. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या खटल्यांत घेतला गेला, तो निकाल अजून टिकून आहे की फिरवला गेला, हे त्या सूचीत शोधता येई. तीच कल्पना विज्ञानात आणायचं युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मधल्या लेखात सुचवलं. एखादा निबंध हाती आला की त्याच्यावर पुढे कुणी काय लिहिलं ते सापडावं, चुकीचं ठरलेलं काम नकळत पुन्हा वापरलं जाऊ नये, हा हेतू. पुढे फिलाडेल्फियात त्यांनी संस्था काढली आणि साठच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला. जगभरच्या हजारो नियतकालिकांपैकी या सूचीत कोणती घ्यायची, हे ठरवताना त्यांनी आणि आयर्विंग शेर यांनी इम्पॅक्ट फॅक्टरचा उपयोग केला. नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या निबंधांना या वर्षी एकूण किती संदर्भ मिळाले, भागिले त्या निबंधांची संख्या, इतकंच ते गणित आहे. ग्रंथपालाला कोणतं नियतकालिक विकत घ्यावं हे ठरवायला ते उपयोगी पडतं. माणसाची बढती ठरवायला ते वापरू नका, असं खुद्द गारफिल्ड अनेकदा सांगत राहिले.

सरासरी काय करू शकते याचं एक उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’ या नियतकालिकाच्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये साधारण २ होता. २००९ मध्ये तो जवळजवळ ५० झाला. तिथल्या सगळ्या संशोधकांची प्रतिभा वर्षभरात पंचवीस पट वाढलेली नव्हती. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकांची रचना काढण्याच्या आपल्या संगणकप्रणालीवर एक लेख तिथे लिहिला होता, आणि ती प्रणाली वापरणारे सगळेजण त्या लेखाचा संदर्भ देत होते. त्या एका लेखामुळे त्याच अंकांतल्या बाकीच्या सगळ्या लेखकांच्या नावापुढे पन्नासचा आकडा लागला. आपल्या तक्त्यानुसार त्यातल्या प्रत्येकाला वरचे ३० गुण मिळाले असते. हा अपवादच म्हणावा, पण विषमता हा इथला नियम आहे. २०१६ मध्ये काही नामांकित नियतकालिकांतल्या संदर्भांची वाटणी तपासली गेली, तेव्हा तिथले सुमारे ६५ ते ७५ टक्के निबंध त्या त्या नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमी संदर्भ मिळालेले निघाले. म्हणजे नियतकालिकाच्या आकड्यावरून निबंधाची किंमत लावली, तर बहुतेक वेळा ती चुकते.

मग नियतकालिक सोडा आणि त्या निबंधालाच मिळालेले संदर्भ मोजा, असं पुष्कळ जण म्हणतात. हा युक्तिवाद वरवर बरा वाटतो. पण संदर्भ कशासाठी दिला आहे हे मोजणाऱ्याला कळत नाही. गोवरप्रतिबंधक लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा ‘लॅन्सेट’मधला निबंध १९९८ चा, मागे घेतला गेला २०१० मध्ये. त्याला हजाराहून जास्त संदर्भ मिळाले आहेत आणि त्यातले बहुसंख्य तो खोडून काढण्यासाठी दिलेले आहेत. गणकयंत्राला ते सगळे सारखेच. दुसऱ्या टोकाला ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा, द्रावणातली प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा निबंध. २०१४ मध्ये तो विज्ञानातला सर्वाधिक संदर्भ मिळालेला निबंध होता, तीन लाखांच्या वर. पद्धत उपयोगी होती यात शंकाच नाही. पण तेव्हाच्या पहिल्या शंभरांच्या यादीत डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा निबंध नव्हता. प्रयोगशाळेत रोज लागणाऱ्या कृतीला संदर्भ मिळतात, आणि जग बदलणारी कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिचा संदर्भ द्यायची गरज कुणाला वाटत नाही.

आपल्याजवळचंच उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं आहे. गोव्यात जन्मलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते, त्या काळात, १९४३-४४ च्या सुमारास, त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं एक सूत्र मांडलं. आज भाताचा, गव्हाचा, ज्वारीचा जनुकीय नकाशा तयार करणारे अभ्यासक संगणकात ‘कोसंबी’ हा पर्याय निवडतात. त्यातले कितीतरी जण मूळ निबंधाचा संदर्भ देत नाहीत, कारण ते नावच आता साधन झालं आहे. आणि हा माणूस पुढे नाणकशास्त्रात गेला, भर्तृहरीच्या श्लोकांच्या पाठचिकित्सेत गेला, प्राचीन भारताच्या इतिहासात गेला. तीन-चार विषयांत पसरलेल्या अशा माणसाचा एच-इंडेक्स काढून काय हाती लागणार? ज्याच्या दहा निबंधांना किमान दहा-दहा संदर्भ मिळाले त्याचा एच-इंडेक्स दहा, असा २००५ मध्ये हिर्श यांनी सुचवलेला हा आकडा ज्याचे निबंध पुष्कळ आणि एकाच चाकोरीतले, त्याला झुकतं माप देतो. ज्याने थोडं पण मोलाचं लिहिलं, त्याच्यावर तो अन्याय करतो. कारण एच-इंडेक्स निबंधांच्या संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही. पाच निबंध लिहिणाऱ्याने शतकातला सर्वांत मोठा शोध लावला तरी त्याचा एच-इंडेक्स पाचाच्या वर जात नाही. पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर दहापेक्षाही कमी निबंध लिहिले. २०१३ चं नोबेल घ्यायला जाताना त्यांनी सांगून टाकलं होतं, की आजच्या व्यवस्थेत मला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती.

आपल्याकडे या गणिताने काय केलं, ते महाविद्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. २०१० मध्ये एपीआय ही प्राध्यापकांच्या कामाला गुण देण्याची पद्धत आली आणि ‘प्लेसमेंट’ची, म्हणजे बढतीची, फाईल हा प्राध्यापकाच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज झाला. तालुक्याच्या गावांत एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रांचं पीक आलं. नोंदणी शुल्कातच निबंध छापण्याची सोय, आयएसएसएन क्रमांकाचा विशेषांक, जेवण आणि प्रमाणपत्र. एका दिवसात दीडशे-दोनशे निबंध ‘सादर’ होत. विशेषांक जाडजूड निघे आणि त्यातला आपला निबंध फाडून फाईलला लावला की त्याचं काम संपे. आपल्याच वयाचे, आपल्यासारखेच नेट-सेट झालेले हुशार लोक यात गुंतलेले मी पाहिले आहेत. ते आळशी नव्हते आणि लबाडही नव्हते. नियमाने जे मागितलं ते त्यांनी दिलं. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापलेला हवा, ही अट विद्यार्थ्यांवर होतीच. ती २०२२ मध्ये काढली गेली, तोवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पैसे मोजून निबंध छापायला शिकून बाहेर पडल्या होत्या.

मागणी एवढी वाढली की पुरवठा करणारे उभे राहणारच होते. काही हजार रुपये भरा, आठवड्यात निबंध छापून घ्या, अशी नियतकालिकं देशभर निघाली. हैदराबादच्या ओमिक्स समूहाला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला, तो लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, तर त्या यादीतच ही सगळी शिरली. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या नियतकालिकांची छाननी केली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्यांपैकी ८८ टक्के नियतकालिकं दर्जाच्या कसोटीला उतरत नव्हती. आयोगाने त्याच वर्षी चार हजारांहून जास्त नावं यादीतून काढली. २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सहकार्याने केअर ही मान्य नियतकालिकांची नवी यादी सुरू झाली. मग केअर यादीतल्या नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळं निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं आयोगाने जाहीर केलं आणि नियतकालिकांचा दर्जा संस्थांनी आपापला पाहावा, असं सांगितलं.

हा सगळा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे. दर वेळी उपाय एकच होता, आणखी चांगली यादी. ‘दर्जेदार नियतकालिक’ ओळखण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करून द्यावं आणि आपण फक्त खूण करावी. आता यादी गेल्यावर बहुतेक विद्यापीठं स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सकडे वळतील, अशी मला भीती वाटते. म्हणजे परदेशातल्या दोन खासगी कंपन्यांच्या नोंदवहीत नाव आहे का, यावर महाराष्ट्रातल्या शिक्षकाची बढती ठरायची. त्या नोंदवह्या आपल्या यादीपेक्षा स्वच्छ आहेत हे खरं, पण निष्कलंक नाहीत. ‘हिंदावी’ या, वायली कंपनीने २०२१ मध्ये विकत घेतलेल्या प्रकाशनाला २०२३ मध्ये एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, आणि त्याची कित्येक नियतकालिकं या नोंदवह्यांत होती. त्याच वर्षी ‘सर्वाधिक संदर्भ मिळालेले संशोधक’ ही यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने गणित हा विषयच यादीतून वगळला. एकमेकांना संदर्भ देणाऱ्या टोळ्यांमुळे, ज्या विद्यापीठांत गणिताची परंपराच नाही, तिथले लोक जगातले थोर गणिती म्हणून वर येऊ लागले होते. गणितात संदर्भ मुळातच थोडे मिळतात, त्यामुळे थोड्याशा संगनमताने मोठा फरक पडतो. संदर्भ विकतही मिळतात. अबुधाबीतल्या एका संशोधक गटाने तपासासाठी म्हणून तीनशे डॉलर देऊन पन्नास संदर्भ खरेदी करून दाखवले.

आणि हे लांबचं झालं असं समजू नये. चेन्नईच्या एका दंतवैद्यक महाविद्यालयाबद्दल २०२३ मध्ये ‘सायन्स’ने सविस्तर वृत्त दिलं. पदवीच्या विद्यार्थ्यांकडून परीक्षेतच शोधनिबंध लिहून घ्यायचे, ते छापायचे, आणि त्यांत संस्थेच्याच आधीच्या निबंधांचे संदर्भ भरायचे. संस्था केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत दंतवैद्यकात वरच्या स्थानी होती. एनआयआरएफमध्ये संशोधनाला ठळक वजन आहे आणि त्यात निबंधांची व संदर्भांची संख्या मोजली जाते, ती याच दोन नोंदवह्यांतून. २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण वजा करण्याची तरतूद आली आहे. तरतूद योग्य आहे. पण वाचनाच्या जागी पुन्हा मोजणीच आली, आता फक्त वजाबाकीची.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो, कारण तो मलाही टाळता येत नाही. आकडे काढून टाकले तर निवड समिती काय पाहील? जात पाहील, नातं पाहील, संस्थाचालकाची चिठ्ठी पाहील, आणि पाकीट पाहील. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतल्या जागांसाठी काय भाव चालतो याची चर्चा तासिका तत्त्वावर राबणारी मुलं उघडपणे करतात. मेळघाटातून किंवा माणदेशातून आलेली, घरात पहिलीच पदवीधर झालेली मुलगी मुलाखतीला बसते, तेव्हा तिच्या बाजूने बोलणारं तिथे कुणीच नसतं. तिच्या फाईलमधला आकडा तरी तिच्या बाजूने बोलतो. समितीला तिला डावलायचं असेल तर तो आकडा ओलांडून डावलावं लागतं आणि मग तिला न्यायालयात जाता येतं. माझ्या ओळखीतल्या अनेकांना एपीआयमुळेच बढती मिळाली, नाहीतर विभागप्रमुखाच्या मर्जीवर त्यांची दहा वर्षं गेली असती. हा लाभ खरा आहे आणि जे लोक आकड्यांना सरसकट नावं ठेवतात ते बहुधा अशा जागी बसलेले असतात जिथे त्यांना मर्जीची कधी गरज पडली नाही.

पण हा युक्तिवाद नीट पाहिला तर तो आकड्यांच्या बाजूचा फारसा नाही. तो न्यायाच्या बाजूचा आहे. त्या मुलीला हवी आहे ती पारदर्शकता: काय पाहिलं, कुणी पाहिलं, का नाकारलं, हे कळण्याचा हक्क. आकडा तिला यातलं थोडंच देतो. भरपूर पैसे मोजून वीस निबंध छापणारा श्रीमंत उमेदवार तिच्या पुढे जातो, स्कोपसच्या नियतकालिकाचं दीड-दोन हजार डॉलर प्रकाशनशुल्क भरू शकणारा तर जातोच जातो. मोठ्या प्रयोगशाळेत, दहा जणांच्या निबंधात सहावं नाव लावून घेऊ शकणारा जातो. ओळखीची जागा आकड्याने घेतली असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ओळखीनेच आकडा मिळू लागला आहे. आणि आकडा नियमात बसला की मर्जीने केलेल्या निवडीलाही गुणवत्तेचा शिक्का मिळतो, तो वर.

मराठीत लिहिणाऱ्याचं यात काय होतं, हे वेगळं सांगावं लागू नये. तरी सांगतो, कारण इथे नुकसान न भरून येणारं आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये निघालं, तेव्हापासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं, मोडी कागदपत्रं, बखरी, तंटे-निवाडे यांवर मराठीत जे काम झालं, त्याला सायटेशन मिळायचे कुठून? ते ज्या पुस्तकांत आणि त्रैमासिकांत उद्धृत झालं, ती या नोंदवह्यांना माहीत नाहीत. म्हणून एखाद्या तरुण अभ्यासकाने नागपूरकर भोसल्यांच्या दफ्तरावर पाच वर्षं मोडी वाचत बसायचं ठरवलं, तर त्याचा मार्गदर्शक त्याच्या हितासाठीच त्याला सांगतो, की असं करू नकोस, इंग्रजीत दोन निबंध लिही आणि मोकळा हो. बोलींचा अभ्यास, गावतळ्यांचा, कोकणातल्या देवराईंचा, विदर्भातल्या धानाच्या देशी वाणांचा: ज्या प्रश्नांशी फक्त इथल्या माणसांचा संबंध आहे, त्यांच्यावरचे संदर्भ फक्त इथलीच माणसं देणार, आणि ती थोडी असणार. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या, संशोधनाच्या मोजणीविषयीच्या लायडन जाहीरनाम्याच्या दहा तत्त्वांत एक हेच आहे, की स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचं संरक्षण करा.

कुणी म्हणेल, खरंच चांगलं असेल तर स्थानिक कामही जगात पोचतं. महाडला हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार शोधला आणि तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं, तेही १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलं. दोन्ही उदाहरणं अभिमानाचीच आहेत. पण हे तिघेही विद्यापीठाच्या गुणतक्त्यात बसून काम करत नव्हते. बंगांचा प्रयोग कित्येक वर्षं चालला, त्या वर्षांत दरसाल दोन निबंध दाखवा असं कुणी विचारत नव्हतं. आणि त्या कामाचं मोल संदर्भांच्या संख्येवरून ठरलं नाही. २०११ मध्ये सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत तीच पद्धत देशभर नेली, त्यातून जगलेली मुलं स्कोपसमध्ये कुठल्या रकान्यात नोंदायची? देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना, आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाणारी ६१७४ ही संख्या सापडली १९४९ च्या आसपास. जगाला त्यांची ओळख झाली ती १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या गणितावरच्या स्तंभातून. तेव्हा ते निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता.

जगात याची जाणीव झालेली आहे. २०१२ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत पेशीशास्त्रज्ञांच्या परिषदेत ठरलं, की इम्पॅक्ट फॅक्टर भरती-बढतीसाठी वापरायचा नाही, आणि पुढच्या वर्षी तो जाहीरनामा प्रसिद्ध झाला. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाने २०२१ मध्ये इम्पॅक्ट फॅक्टर आपल्या निकषांतून बाहेर काढला. पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठाने २०२४ पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद केली. चीनचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. तिथे ‘नेचर’ किंवा ‘सायन्स’मध्ये निबंध आला तर विद्यापीठं सरासरी चाळीस हजार डॉलरहून अधिक रोख बक्षीस देत असत. आकडे चढले, त्याबरोबर बनावट निबंधांचे कारखानेही चढले, आणि २०२० मध्ये सरकारनेच ही बक्षिसं थांबवायला सांगितली. निबंध थोडे दाखवा पण चांगले दाखवा, असा आदेश निघाला. ज्या वाटेवरून ते परत फिरले त्याच वाटेला आपली खासगी विद्यापीठं आत्ता लागली आहेत. स्टॅनफर्डच्या जॉन आयोनिडिस यांच्या गटाने स्कोपसच्या आधारे केलेल्या ‘जगातले पहिले दोन टक्के शास्त्रज्ञ’ या यादीत आपले किती, याचे फलक शहराच्या चौकात लागतात.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे, पण खर्चाचं आणि कष्टाचं आहे. बढतीसाठी किंवा भरतीच्या शेवटच्या फेरीसाठी उमेदवाराने आपली तीनच कामं द्यावीत, स्वतः निवडलेली. निबंध, ग्रंथ, अनुवाद, संपादित साधनग्रंथ, तंत्र, कोणत्याही भाषेतलं. त्यासोबत, या कामाने काय नवं कळलं, हे एका पानात लिहून द्यावं. ती कामं विद्यापीठाबाहेरच्या, शक्यतो राज्याबाहेरच्या दोन तज्ज्ञांनी वाचावीत आणि प्रत्येकावर सहीनिशी लेखी अभिप्राय द्यावा. मराठीतल्या कामासाठी बडोदा, गोवा, हैदराबाद, दिल्ली, वाराणसी इथे मराठी जाणणारे अभ्यासक आहेत, परदेशातही आहेत. अभिप्राय उमेदवाराला मिळावा, त्यावर उत्तर देण्याची संधी त्याला असावी, आणि निवड झाल्यावर निवडलेल्या उमेदवाराची तीन कामं आणि त्यांवरचे अभिप्राय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचायला ठेवावेत. हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चिठ्ठीवर निवडलेल्या माणसाच्या तीन निबंधांवर स्वतःच्या नावाने प्रशस्ती लिहिणं आणि ती जगाने वाचणं, हे कुठल्याही तज्ज्ञाला जड जाईल. मर्जीला खरा अडथळा आकड्यापेक्षा असल्या उघड्या कागदाचा होतो.

सायटेशन फेकून द्या असं मी म्हणत नाही. वाचणाऱ्या तज्ज्ञासमोर ते असू द्या. त्याने ‘हे काम क्रांतिकारक आहे’ असं लिहिलं आणि वीस वर्षांत त्याच विषयातल्या कुणीही त्याची दखल घेतली नसेल, तर का घेतली नाही हे त्याला सांगावं लागेल. कधी त्याचं उत्तर पटण्यासारखं असेल, कधी नसेल. तसंच एखाद्याचे निम्मे संदर्भ स्वतःचेच असतील तर तेही दिसू द्या. शंका उपस्थित करायला आकडा चांगला, निकाल द्यायला नाही.

एवढं वाचायला वेळ कुणाला आहे, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हिशेब करू. एका उमेदवाराची तीन कामं, त्यातलं एखादं पुस्तक, दोन तज्ज्ञ. प्रत्येकी तीन-चार दिवसांचं काम. त्याला योग्य मानधन द्या. ज्या माणसाला आपण पुढची पंचवीस-तीस वर्षं सरकारी पगार देणार आहोत, ज्याच्या हाताखाली शेकडो विद्यार्थी शिकणार आहेत, त्याच्यासाठी सहा-आठ दिवसांचं वाचन महाग कसं? महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीआधी रंगरंगोटीवर, फ्लेक्सवर आणि फाईलींच्या फोटोप्रतींवर महाविद्यालयं जे खर्च करतात, त्याच्या काही अंशात हे बसेल.

आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात गुणांच्या तक्त्याऐवजी नऊ प्रकारच्या ‘उल्लेखनीय योगदाना’चा विचार सुचवला आहे आणि त्यात भारतीय भाषांतल्या अध्यापन-लेखनालाही जागा आहे. त्या मसुद्यातल्या कुलगुरू नेमणुकीच्या तरतुदींवरून राज्याराज्यांत वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या गदारोळात मूल्यमापनाची ही बाजू कुणी फारशी चर्चिलीच नाही. ‘उल्लेखनीय’ कुणी ठरवायचं आणि कसं ठरवायचं, हे तिथे मोकळं सोडलं तर जुन्या मर्जीचंच राज्य परत येईल, आणि त्या भीतीने प्राध्यापक संघटना पुन्हा तक्ताच मागतील. संघटनांनी तक्ता मागू नये. लेखी आणि उघडा अभिप्राय हा शिक्षकाचा हक्क म्हणून मागावा, आणि राज्यातल्या विद्यापीठांनी आयोगाच्या अंतिम नियमांची वाट न पाहता येत्या बढत्यांपासूनच तो सुरू करावा. तीन कामं मागवून ती बाहेरच्या तज्ज्ञांकडे वाचायला पाठवण्यापासून त्यांना आजचा कोणताही नियम अडवत नाही.